माझ्या तक्त्यात माझा रकाना नव्हता

सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या, तेव्हा माझा पहिला संशय प्रयोगशाळेवर गेला. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर मी रिसालीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत पाण्याचे आणि सिमेंटचे नमुने तपासत होते. नमुन्यांची अदलाबदल कशी होते, कंटाळलेला माणूस आकडे कसे सोयीने लिहितो, हे मला आतून ठाऊक होते. थायरॉइड ठीक, रक्त ठीक, हृदयाचा आलेख ठीक. तरीही आठवड्यातून चार-पाच दिवस, बसल्याजागी, माझे हृदय इतके धावू लागे की हातातली काचेची नळी खाली ठेवावी लागे. मी दुसरीकडे पुन्हा रक्त दिले. तिथेही नॉर्मल. मग मी डॉक्टरांवर संशय घेतला.

त्या वेळी माझ्याकडे चार महिने होते. बाहेरच्या राज्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी माझी निवड झाली होती. रुजू होण्याची तारीख मी एकदा ‘घरची अडचण’ असे कळवून वर्षभर पुढे ढकलून घेतली होती. दुसऱ्यांदा ती ढकलता येणार नाही, असे संस्थेने स्पष्ट लिहिले होते. म्हणजे प्रश्न सरळ होता: मी जाणार, की पुन्हा अडचण निघणार?

हे मी पूर्ण बरी होऊन लिहीत नाही. बरी होत असताना लिहिते आहे. ज्या घरांत एका माणसाच्या मनःस्थितीवर बाकीच्यांचा दिवस ठरतो, त्या घरांतल्या मुलींसाठी हे आहे. माझ्या सांगण्यावरही थोडा संशय ठेवूनच वाचावे. मला ते अधिक प्रामाणिक वाटेल.

तक्ता

डॉक्टर म्हणाले, समुपदेशकाला भेटा. मला तो प्रकरण हातावेगळे करण्याचा मार्ग वाटला. म्हणून जाण्याआधी मी चार आठवडे निरीक्षणे घेतली. धडधड किती वाजता सुरू होते, किती वेळ टिकते, त्याआधी काय घडले, हे सगळे टिपले. चौथ्या आठवड्याअखेर आकृतिबंध इतका स्वच्छ दिसला की मला तोच संशयास्पद वाटला.

माझे वडील पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर आहेत. त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात माझे हृदय दुपारी अडीचच्या सुमारास धावत होते, नाईटच्या आठवड्यात सकाळी साडेसहाला. बाबांची स्कूटर आमच्या सेक्टर २ मधल्या क्वार्टरच्या वळणावर येते, नेमक्या त्या वेळी. दुपारी तर मी रिसालीत, प्रयोगशाळेच्या दारे बंद असलेल्या खोलीत, चार किलोमीटर दूर असले तरीही.

हा तक्ता घेऊन मी दुर्गला समुपदेशक साहू मॅडमकडे गेले. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र दाखवली नाही. नाव ‘अनिता’ सांगितले आणि दुसऱ्याच गावाहून, उतईहून येते म्हणाले. आमच्या सेक्टरमध्ये प्रत्येकाचे कोणी ना कोणी प्रत्येक ठिकाणी असते. गोष्ट दुर्गहून निघाली, तर बाबांच्या सेक्शनमध्ये पोहोचायला तिला एक शिफ्टसुद्धा लागली नसती.

मॅडम छत्तीसगढी, पन्नाशीच्या, हिंदीत बोलणाऱ्या. त्यांनी तक्ता बराच वेळ पाहिला.

“ये किसका चार्ट है?”

“मेरा.”

“शिफ्ट पिताजी की. जूते कैसे उतारे, वो भी पिताजी के. मूड पिताजी का. आपका कॉलम कौन-सा है?”

मी धडधडीच्या रकान्यावर बोट ठेवले.

“वो तो उनकी शिफ्ट का असर हुआ. आपने उस दिन खाया क्या? सोईं कब? हँसीं किस बात पर?”

मी सांगितले की त्या गोष्टींचा निष्कर्षाशी संबंध नाही. त्या हसल्या. ते हसणे मला आवडले नाही. मग त्यांनी विचारले, “पिछला हफ्ता आपका कैसा गया?” मी आठ-दहा मिनिटे नीट, मुद्देसूद बोलले. बोलून झाल्यावर त्यांनी आपली वही माझ्याकडे वळवली. माझ्या प्रत्येक वाक्याचा कर्ता त्यांनी उभ्या ओळीत लिहून घेतला होता: बाबा, बाबा, आई, बाबा, आई, बाबा. ‘मी’ एकदाच आला होता. ‘मी दार उघडले’ या वाक्यात.

त्या दिवशी मला एक शब्द मिळाला: कोडिपेन्डन्सी, मराठीत सहअवलंबित्व. लहानपणी घरातल्या व्यसनी किंवा आजारी माणसाला सांभाळता सांभाळता मूल स्वतःचे मोजमापच त्याच्यावरून करू लागते. तो शांत तर मी ठीक, तो बिघडला तर चूक माझी. मोठे झाल्यावरही ही यंत्रणा बंद होत नाही. घरी पोहोचताच मी तपासले: रोगांच्या अधिकृत यादीत हा शब्द नाही. मला बरे वाटले. यादीत नसलेला आजार मला होऊच शकत नव्हता. पुढच्या गुरुवारी हे मी मॅडमना विजयाने ऐकवले. “ठीक है,” त्या म्हणाल्या, “नाम मत रखिए. पर आइए ज़रूर.”

बूट आणि पाचवे शील

बाबांनी कधी हात उचलला नाही, हे आधीच लिहून ठेवते. ज्यांच्या घरी हात उचलला जातो, त्यांनी माझ्या पद्धतीने वागून पाहू नये. त्यांनी आधी सुरक्षित जागा आणि विश्वासाचे माणूस शोधावे.

आमच्याकडे फक्त अंदाज चुके: बाबा आज पिऊन आले आहेत की नाही. बाबा प्यायलेले नसत तेव्हा सेफ्टी शूज दाराशी समांतर ठेवले जात. एक बूट दुसऱ्यावर पडला असेल, तर संध्याकाळ जपून काढायची. तो थेट पायरीवरच राहिला असेल, तर मी पुस्तके उचलून आतल्या खोलीत जायची आणि आई कुकर लवकर उतरवायची, कारण शिट्टीने बाबा चिडत. दहाव्या वर्षी माझ्या विज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर बुटांच्या तीन आकृत्या होत्या.

दुसरे उपकरण विहारातले. दर रविवारी आम्ही तिघे वंदनेला जात असू. पंचशील म्हणताना बाबांचा आवाज पहिल्या चार शिलांपर्यंत भरदार असे. पाचवे शील, नशा न करण्याचे, आले की मी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्या ओठांकडे पाहायची. ओठ हलले तर आठवडा बरा जाईल. मिटले तर नाही. आमच्या घरात भगवंतासमोरसुद्धा मी पाळतीवर होते. आणि ही पाळत म्हणजेच प्रेम, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

कावीळ

सहावीत असतानाची गोष्ट. बाबा दोन दिवस आत पडून होते. त्या अवस्थेत त्यांना भट्टीवर पाठवणे धोक्याचे होते, हे आईला कळत होते. ती चूक नव्हती. पण ड्यूटी चुकल्याचे कारण द्यावे लागे, आणि कारणे लिहिण्याचे काम माझे होते.

“सुजा, अर्ज लिव बरं माय. तुहं अक्षर चांगलं हाय.”

“काय लिवू?”

“बुखार लिव.”

“मांगच्या महिन्यात बुखारच लिवला होता ना.”

आईने पदराने हात पुसले. थोडा वेळ ती खिडकीबाहेरच्या पेरूच्या झाडाकडे पाहत राहिली. “मंग असं कर. तूच बीमार हाय म्हनून लिव.”

‘सेवा में, श्रीमान’ येथून सुरुवात करून मी बाबांच्या नावाने, माझ्या सुबक अक्षरात लिहिले की माझ्या पुत्रीची प्रकृती अचानक बिघडली आहे. आजार मी विचारपूर्वक निवडला. ताप दोन दिवसांत उतरतो. कावीळ आठवडाभर पुरते. अर्ज मंजूर झाला.

पण बाबांच्या सेक्शनमधल्या एका काकांची मुलगी माझ्याच वर्गात होती. त्यामुळे अर्ज खरा ठरवण्यासाठी मला आठ दिवस घरीच राहावे लागले. त्या आठवड्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. मी केलेला वाळू-कोळशाच्या गाळणीचा नमुना दुसऱ्या मुलीने समजावून सांगितला आणि तिला बक्षीस मिळाले. शेजारच्या काकू उसाचा रस घेऊन आल्या. “काहून व पोट्टे, लयच वाळली तू,” असे म्हणाल्या, आणि मी चादर हनुवटीपर्यंत ओढून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी आरशात माझे डोळे मला खरोखर पिवळसर दिसले.

चौथ्या दिवशी बाबा शुद्धीत, दाढी करून, माझ्या खाटेवर येऊन बसले.

“कशी हाय तब्येत?”

“बरी हाय.”

त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. अर्ज त्यांनी वाचला होता की नुसतीच सही केली होती? ते नाटक करत होते, की मला खरेच आजारी समजत होते? हा संशय मी सोळा वर्षे बाळगला. मॅडमना हे सांगितले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले. मग म्हणाल्या, “मतलब आपकी बीमारी का पहला काग़ज़ आप ही के हाथ का है.”

त्याच गुरुवारी, निघताना, मी कबूल केले की माझे नाव अनिता नाही.

“पता है. पहले दिन फॉर्म पर आपने दस्तखत ‘सुजाता’ किया था.”

“फिर आपने कुछ कहा क्यों नहीं?”

“आप बताने वाली थीं ना.”

बसमध्ये माझ्या लक्षात आले, की बाबांच्या पाचव्या शिलावर पाळत ठेवताना चौथ्याकडे, खोटे न बोलण्याच्या शिलाकडे, माझे कधीच लक्ष गेले नव्हते. ते मी दर रविवारी खणखणीत आवाजात म्हणत होते.

थर्मास

उपचारांना गोळी नव्हती, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. दर गुरुवारी एक तास आणि आठवड्याचा अभ्यास. रोज ‘मला’ने सुरू होणारी तीन वाक्ये लिहायची. पहिल्या आठवड्यात मी लिहिले: ‘मला वाटते बाबा थकले आहेत.’ मॅडमनी ते खोडले. बूट न पाहता घरात शिरायचे. ते मला सतरा दिवस जमले नाही. अठराव्या दिवशी जमले, पण आत गेल्यावर मी आईला बुटांबद्दल विचारले.

आईला या गुरुवारांची चाहूल लागलीच. “त्या बाईजवळ जाऊन तू काय सांगत राहते आमच्याबद्दल?”

“माझ्याबद्दल सांगते.”

“तुह्याबद्दल काय हाय सांगाले? तुले काय कमी केलं आमी? ते बाई घरं फोडते, सुजा. माणसाले आपल्याच मायबापावर शक कराले शिकवते.”

शक मला शिकवावा लागला नव्हता. पण हे आईला सांगण्यात अर्थ नव्हता. तिने माझ्याशी चार दिवस फक्त जेवणापुरते बोलणे ठेवले. ते चार दिवस मला अपराधी वाटले, आणि त्या अपराधीपणाखाली थोडी विश्रांतीही मिळाली.

त्याच सुमारास बाबांनी पिणे सोडले. कोणी सांगितले नाही, कुठे नेले नाही. एका महिन्यात बूट सरळ राहू लागले. बरे वाटायला हवे होते. मी मात्र त्यांच्या तोंडातली वेलची मोजू लागले. वास झाकायलाच वेलची असते. शेवटी एका सकाळी मी त्यांच्या थर्मासातून नमुना काढला, बाटलीवर खोटा क्रमांक टाकला आणि आमच्या प्रयोगशाळेत तपासला. पाणीच होते. मी दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासले. पाणी.

मॅडमनी विचारले, “रिज़ल्ट पर भरोसा हुआ?”

“नहीं.”

“तो फिर टेस्ट किस काम का था?”

शास्त्र शिकलेल्या माणसाला याहून लाजिरवाणा प्रश्न विचारता येत नाही. सगळे ठीक असते तेव्हा मला करण्यासारखे काही उरत नाही, आणि त्या रिकामेपणाला मी बाबांच्या दारूपेक्षा जास्त भिते, हे मला तिथे, पहिल्यांदा, कळले.

लहानसहान कृपाही नोंदवायला हव्यात. एका रविवारी दुपारी, फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, मी पुस्तक छातीवर घेऊन झोपले आणि जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते. स्कूटर येऊन गेली होती. मी ती ऐकली नव्हती. उशीवर गालाचा ठसा होता. मी तो बराच वेळ पाहत बसले.

शेवटचा अर्ज

रुजू व्हायला बारा दिवस होते. तिकीट काढलेले होते. त्या शुक्रवारी बाबांचा एक बूट पायरीवर होता.

मी पाहिले. पाहायचे नव्हते, तरी पाहिले. हृदयाने लगेच आपली जागा सोडली. आणि खरे सांगायचे तर, आत कुठेतरी समाधानही झाले: माझा संशय खरा होता, थर्मास खोटा.

रविवारपर्यंत बाबांच्या दोन ड्यूट्या बुडाल्या. वंदनेला त्या दिवशी कोणीच गेले नाही. निवृत्तीला दोन वर्षे होती आणि आधीचे गैरहजेरीचे कागद होतेच. सेक्शनला लेखी कारण द्यायचे होते. दुपारी आईने टेबलावर कोरा कागद आणि पेन आणून ठेवले. बाबा भिंतीला टेकून बसले होते, सुजलेल्या डोळ्यांनी, पण शुद्धीत.

“लास्ट टाइम, माय,” आई म्हणाली. “तू तं चाललीच हाय. एवढं लिवून जा.”

“मी लिहिणार नाही, आई.”

“काहून?”

“खोटं आहे म्हणून. आणि ते माझं काम नाही म्हणून.”

“आजपर्यंत होतं ना तुहं काम! आता शहाणी झाली. बापाची नोकरी गेली तं चालते तुले?”

नाही चालत. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आले होते, आणि त्याच्या मागे दुसरे: जाऊ दे, तारीख पुन्हा ढकलून पाहते. मी ते बोलले असते, तर हे लेखन कोणी वाचत नसते. मी खुर्चीची कड धरली. 

आईने आवाज खाली आणला. “बरं, जास्त नोको लिवू. तुहीच तब्येत बिघडली म्हनून लिव. तसंबी डॉक्टरकडे जातच होती तू. खोटं बी नाही.”

“नोको.”

हे बाबा बोलले होते. आईला वाटले मी बोलले. तिने माझ्याकडे पाहिले.

“पोट्टीले नोको बीमार पाडू,” बाबा म्हणाले. ते भिंतीकडेच पाहत होते. “तवा पाडलं ते पाडलं. आठ दिवस घरात बसवलं तिले. प्रदर्शन होतं तिचं.”

म्हणजे त्यांनी अर्ज वाचला होता. म्हणजे कपाळावर हात ठेवताना त्यांना माहीत होते.

बाबा उठले, टेबलाशी आले आणि खुर्चीत बसले. पेन हातात धरून त्यांनी मला विचारले, “कारण काय लिवू, सुजा?”

माझ्याकडे किमान पाच उत्तम कारणे तयार होती. ती आपोआप, क्रमवार समोर आली.

“मला नाही माहीत, बाबा,” मी म्हणाले, आणि आत जाऊन पेटी भरायला लागले. एकाच कुर्त्याची मी तीनदा घडी घातली.

बाबा पाऊण तास लिहीत होते. काय लिहिले, ते मी वाचले नाही. त्यांनी खरे लिहिले की बुखार लिहिला, मला माहीत नाही. प्रदर्शनाची आठवण त्यांना खरोखर टोचली होती, की मला विरघळवण्याचा तो नवा उपाय होता, हेही मला माहीत नाही. दोन्ही शक्यता मी आजही उघड्या ठेवते. फरक इतकाच, की त्यांचा निकाल लागेपर्यंत मी तिथे थांबले नाही.

पुढच्या रविवारी, निघण्याच्या आदल्या दिवशी, आम्ही तिघे विहारात गेलो. शेवंतामावशींनी, ज्या विहारातल्या सगळ्यांच्या घरची खबर ठेवतात, मला दारातच गाठले. “काव सुजा, बापाची अशी हालत अन् तू चालली शिकाले?”

“हो मावशी.”

“बरं बापा. आजकालच्या पोट्ट्या.”

मी आईबाबांच्या मध्ये उभी राहिले. चौथे शील मी हळू म्हटले, पण शब्दन् शब्द. पाचव्याला मी डोळे मिटले. त्यामुळे बाबांचे ओठ हलले की नाही, ते मला सांगता येणार नाही.

आता

वसतिगृहाच्या खोलीत हे लिहून काढते आहे. इथे येऊन तीन महिने झाले आहेत. मॅडमशी फोनवर गुरुवार चालू आहे. धडधड पूर्ण गेलेली नाही. आठवड्यातून एकदा येते, कधीही येते. नव्या तक्त्यात रकाने आहेत: झोप, जेवण, मार्गदर्शकांनी काय विचारले, मी कशावर हसले. आकृतिबंध अजून दिसत नाही. दिसला, तर त्यावर मी अर्थातच संशय घेईन.

काल दुपारी आईचा फोन आला. बराच वेळ तिने पेरूच्या झाडाला लागलेल्या किडीबद्दल सांगितले. मग थांबून म्हणाली, “तू बाबाचं काही विचारतच नाही आजकाल.”

“तू सांगितलंस तर ऐकेन की.”

“ड्यूटीवर गेले.” ती वाट पाहत राहिली. मी पुढचा प्रश्न विचारेन, असे तिला वाटत होते. मलाही वाटत होते. फोन ठेवला, तेव्हा घड्याळात अडीच वाजून गेले होते. या आठवड्यात बाबांची कोणती शिफ्ट आहे, हे मला माहीत नव्हते.